एकाच चित्रावरच्या दोन चिठ्ठ्या

त्या गुरुवारी माधवीने टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. दोन्हींवरचं अक्षर माझं होतं. दोन्ही एकाच चित्राबद्दल होत्या. एकीवर मी ‘कर्करोग’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘सूज’. चित्र मेडशीच्या पंजाबरावांच्या पित्तनलिकेचं होतं. सोमवारी नागपूरला त्यांचं ऑपरेशन होतं.

माधवी माझी पत्नी. नागपूरला आम्ही एका वर्गात होतो. ती पॅथॉलॉजिस्ट झाली, म्हणजे शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोगाचं नाव सांगणारी. मी पोटाचा डॉक्टर झालो. आमच्याकडे लोक ‘दुर्बीणवाला’ म्हणतात. वाशीमला एकाच इमारतीत खाली तिची लॅब आणि वर माझा दवाखाना. मी वरून तुकडे खाली पाठवायचो, ती खालून उत्तरं वर पाठवायची. आमचा बराचसा संसार त्या जिन्यावरच झाला. येत्या पौषात तिला जाऊन दोन वर्षं होतील. मी गेल्या वर्षी दुर्बीण खाली ठेवली. संपादकांनी धंद्याबद्दल काही लिहा म्हटलं, तेव्हा आधी आठवल्या त्या या दोन चिठ्ठ्या.

धंदा थोडक्यात सांगतो. यकृतात पित्त तयार होतं आणि एका नळीतून आतड्यात उतरतं. ही नळी साधारण पेन्सिलीएवढी. तिच्यात खडा अडकला किंवा ती आतून आवळली की पित्त मागे तुंबतं, रक्तात उतरतं, माणूस पिवळा होतो आणि अंग खाजवून खाजवून बेजार होतो. खडा असला तर काढता येतो. नळी आवळली असेल तर ती का आवळली, इथे आमची परीक्षा सुरू होते. कर्करोगाने आवळते, तशी नुसत्या सुजेनेही आवळते, आणि सोनोग्राफीत किंवा स्कॅनमध्ये दोन्ही बरेचदा सारखीच दिसतात. म्हणून आत जाऊन पाहायचं. तोंडातून एक जाड दुर्बीण आतड्यापर्यंत न्यायची आणि तिच्या पोटातून दुसरी, उदबत्तीएवढी बारीक दुर्बीण त्या नळीच्या तोंडात सरकवायची. ही बारीक दुर्बीण वाशीमला नव्हती. ती अकोल्याच्या एका दवाखान्यात होती. दर बुधवारी मी सकाळच्या एसटीने अकोल्याला जायचो. जाता-येता एक पुस्तक होत असे, पातूरच्या घाटातली पानं सोडून.

पडद्यावर दिसतो तो एक ओलसर गुलाबी बोगदा. भिंतीवर लाल रेघा, कुठे दाणे, कुठे पांढरट डाग, मधूनच पित्ताचा पिवळा ढग. लोकांना वाटतं, डॉक्टरने आत पाहिलं म्हणजे त्याला कळलं. पाहणं आणि कळणं यांच्या मधली जागा किती मोठी असते, हे मला एका इंझोरीच्या माणसाने आधीच दाखवून दिलं होतं, फक्त मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या माणसाच्या नळीतला खडा आम्ही आतल्या आत फोडून काढला होता. त्याने हट्टाने त्याचं चित्रीकरण मोबाइलवर घेतलं आणि गावात पारावर बसून सगळ्यांना दाखवलं. तपासायला आला तेव्हा त्याने मला गावाचा अहवाल दिला. एकाच्या मते ती विहीर होती. एकाला तो पिकून सडलेला दोडका वाटला. शाळेच्या गुरुजींनी गुहा म्हटलं. एका म्हाताऱ्याने चष्मा न लावता पाहिलं आणि म्हणाला, “पाइप चोक झाला हाय, दुसरं काय?” रोगाचं सर्वांत अचूक वर्णन त्या म्हाताऱ्याने केलं होतं. मी ही गोष्ट माधवीला हसत सांगितली. ती हसली नाही. तिने विचारलं, “आणि तुम्ही अकोल्यात बसून पाहता तेव्हा किती जण विहीर म्हणता आणि किती जण दोडका?”

तुम्ही म्हणजे मी आणि अकोल्याच्या त्या दवाखान्यातले डॉ. राऊत. राऊत माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हात अतिशय सफाईचा, मन मोकळं, आणि मत तयार. दुर्बीण नळीच्या तोंडाशी पोचायच्या आत त्यांचं मत पोचलेलं असायचं. मी तसा कमी बोलणारा. मला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. माधवीला ती मुळीच आवडत नसे. राऊतांसारखा माणूस शेजारी असला की मला शेवटचं पान आयतंच मिळायचं.

पंजाबराव आले तेव्हा असंच झालं. मेडशीचे शेतकरी, साठीच्या आतबाहेर, सोयाबीन-तूर करणारे. दीड महिना कावीळ. आधी त्यांनी गावच्या रीतीप्रमाणे काविळीची माळ घातली होती. कसल्याशा मुळीच्या तुकड्यांची ही माळ सुकत जाते तशी लांब होते, आणि ती उतरली की कावीळ उतरली असं मानतात. त्यांची माळ कमरेपर्यंत उतरली होती. कावीळ जिथल्या तिथे होती. माळ गळ्यात ठेवूनच ते अकोल्याला टेबलावर झोपले. काढायला सांगितली तर म्हणाले, “राहू द्या ना सायेब. तुमच्यानं नाही झालं त तिच्यानं होईन.”

बारीक दुर्बीण आत गेली. मी चष्मा पुसत होतो. राऊत म्हणाले, “सर, कॅन्सरच. शिरा पाहा ना.” मी चष्मा लावला. शिरा होत्या. लाल, जाड, वळणावळणाच्या. आम्ही दोन तुकडे घेतले, मी तुकड्यांसोबतच्या कागदावर ‘कर्करोग’ लिहून खाली रेघ मारली आणि संध्याकाळच्या एसटीने बरणी मांडीवर ठेवून वाशीमला परतलो.

माधवीचं उत्तर आलं की तुकडे फार लहान आहेत, यात कर्करोग दिसत नाही, पण नाहीच असंही सांगता येत नाही. हे नेहमीचं होतं. एवढ्याशा नळीतून निघणारा तुकडा तिळाएवढाही नसतो, आणि तो रोगाची जागा चुकवून शेजारचाही येऊ शकतो. आम्ही चित्रावर भिस्त ठेवली. पंजाबरावांना सांगितलं. नागपूरच्या सर्जनने तारीख दिली. ऑपरेशन मोठं होतं. नळी, आतड्याचा तुकडा, स्वादुपिंडाचं डोकं, सगळं काढून पुन्हा जोडायचं. त्यातून उठलेला माणूस वर्षभर उठतच असतो, आणि सगळे उठत नाहीत.

मधल्या रविवारी दुपारी माधवीने माझ्यापुढे अकरा चित्रं ठेवली. नळीच्या आतली, कागदावर छापलेली, नाव नाही, गाव नाही, नुसते तिच्या अक्षरातले आकडे. म्हणाली, लॅबमधल्या मुलींना शिकवायला हवीत, प्रत्येकावर एक चिठ्ठी लिहून दे. मी चहा पीत लिहून दिल्या. सात नंबरचं चित्र तिने अर्धं फिरवून छापलं होतं. खालची बाजू वर. मला ते ओळखू आलं नाही. मी लिहिलं, ‘सूज असावी. पुन्हा मोठे तुकडे घ्यावेत.’

ती चिठ्ठी आणि अकोल्याचा कागद गुरुवारी टेबलावर शेजारी शेजारी होते.

मी आधी म्हणालो की चित्र फिरवल्यामुळे फसलो. तिने चित्र सरळ केलं. मग म्हणालो, छपाईत रंग फिका आला आहे. तिने संगणकावर मूळ चित्र लावलं. मग मी खुर्ची ओढून बसलो.

“हे तुला पकडायला नाही केलं,” ती म्हणाली. “तुकड्यात मला काहीच सापडेना आणि तुझ्या रेघेत एवढी खात्री. मला पाहायचं होतं, ती खात्री चित्रातून आली की राऊतांकडून.”

“कर्करोग असेल आणि मी ऑपरेशन थांबवलं तर?”

“तर वाईट होईल. आणि नसेल आणि थांबवलं नाहीस तर?”

अडचण तीच होती. कर्करोग असेल तर काढता येण्याची वेळ थोडीच असते, आणि ती माझ्यामुळे निघून गेली असती. नसेल तर एका माणसाला उगाच माझ्या अक्षरातल्या एका शब्दावरून उभं कापलं असतं. दोन चिठ्ठ्यांपैकी कोणती खरी, हे सांगणारं तिसरं कुणी नव्हतं. मीच दोघे होतो.

नागपूरला फोन केला. सर्जनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, टेबलावर घेतल्यावर फोन करण्यापेक्षा आत्ता केलात हे चांगलं. मग राऊतांना केला. त्यांनी विचारलं, “सर, दोन आठवड्यांत रोग बदलला की तुम्ही बदललात?” मी म्हटलं, मी. ते म्हणाले, “मी नाही बदललो. कॅन्सरच आहे. पण बुधवारी या, पुन्हा पाहू.”

पंजाबरावांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. शुक्रवारी सकाळी एसटीने मेडशीला उतरलो. पुस्तक पिशवीतच राहिलं. स्टँडवर घर विचारलं तर एक जण सोबतच आला आणि वाटेत त्याने मला सांगितलं की पंजाबरावांचं काही खरं नाही, कॅन्सर निघाला, डॉक्टरनं दुर्बिणीतून सोता पाह्यला.

अंगणात बाजेवर पंजाबराव बसले होते, पिवळेधमक, माळ आता मांडीपर्यंत. बायको कौसल्याबाई सुपात तूर पाखडत होत्या. ओट्यावर आणखी एक गृहस्थ. ते पंजाबरावांचे धाकटे भाऊ उत्तमराव. दोघांची शेतं लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सात-आठ वर्षं बोलचाल बंद होती. आजारपणामुळे ती उघडली होती.

पेशंटशी मी वऱ्हाडीतच बोलतो. मी उभ्यानेच म्हणालो, “पंजाबराव, म्या कॅन्सर म्हटलं होतं. आता मले खात्री नाही राह्यली. सोमवारचं ऑपरेशन थांबवलं. बुधवारी पुन्हा आत पाहाचं हाय.”

सूप थांबलं. मी चित्राची, चिठ्ठ्यांची सगळी हकिगत सांगितली. कर्करोग असू शकतो, हेही सांगितलं, आणि थांबण्यात काय धोका आहे तेही. कौसल्याबाईंनी पदराने हात पुसले.

“तवा कोन्या डोयानं पाह्यलं होतं, सायेब?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला खोटं सुचलं नाही.

“त्या दिवशी म्या कानानं पाह्यलं, बाई. सोबतचे डॉक्टर आधी बोलले, अन् मले तेच दिसलं.”

त्या उठल्या, आत गेल्या, चहा ठेवल्याचा आवाज आला. दारातून म्हणाल्या, “मंग बुधवारी कानात बोये घालून पाह्यजा.”

पंजाबराव तोवर माळेचे मणी चाळत होते. त्यांची अडचण निराळीच होती. मानेनेच भावाकडे दाखवून म्हणाले, “डॉक्टरसायेब, म्या त याले धुरा सोडून देल्ला. मरनार म्हून. चार मानसांत देल्ला. आता वापस मांगू कसा?”

उत्तमराव ओट्यावरूनच म्हणाले, “मांगून त पाह्य.”

मग ते दोघे हसायला लागले, आणि मला कळेना की मी हसावं की नाही. परत स्टँडवर सोडायला उत्तमराव आले. बस येईपर्यंत थांबले. मी चढताना म्हणाले, धुऱ्याचं काही नाही, भाऊ राहिला तर दुसरा बांध घालता येईल, तुम्ही नीट पाहा.

बुधवारी मी सिस्टरकडून कापूस मागून घेतला आणि खरोखर कानात घातला. राऊतांनी माझ्याकडे पाहिलं, पण दुर्बीण हातात असल्यामुळे त्यांना काही करता आलं नाही. आठ तुकडे घेतले. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिलं. राऊतांनी ‘कर्करोग’. मी ‘सूज’. माधवीने आधीच बजावलं होतं की या वेळी तुकड्यांसोबत कोरा कागद पाठवा, तुमचं मत मला नको, मलाही कान आहेत. तिने शनिवारपर्यंत वेळ लावला. मी दिवसातून चार वेळा जिना उतरायचो आणि तिची पाठ पाहून परत चढायचो.

कर्करोग नव्हता. सुजेच्या विशिष्ट पेशी दाट भरल्या होत्या. शरीर आपल्याच नळीवर उलटतं, असा एक आजार असतो. रक्ताच्या तपासणीत तोच निघाला. गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात पंजाबरावांचे डोळे पांढरे झाले. त्यांच्या मते माळ जमिनीला टेकली त्याच दिवशी. मी वाद घातला नाही.

मी मात्र त्या शनिवारी जरा फुशारलो होतो. माधवीला म्हणालो, शेवटी मीच बरोबर निघालो. ती स्लाइड पुसून पेटीत ठेवत होती. म्हणाली, “तुझ्या दोन चिठ्ठ्यांतली एक बरोबर येणारच होती.”

पुढच्या गुरुवारी राऊत स्वतः वाशीमला आले. अधूनमधून गुरुवारी ते आमच्याकडे पेशंट पाहायला येत, पण त्या दिवशी वर न येता सरळ लॅबमध्ये गेले. “वहिनी, ती अकरा चित्रं मलाही द्या. माझे जुने कागदही काढा.” माधवीने काढले. तासाभराने राऊत वर आले आणि माझ्यासमोर बसले. माझं एक चित्र फिरलं होतं, म्हणजे त्यावरचं मत बदललं होतं. त्यांची तीन. त्यांनी दुसरा चहा मागवला आणि तो गार होऊ दिला. मग म्हणाले, “सर, मी इतकी वर्षं स्वतःशीच सहमत नाही.” हा माणूस मला त्या दिवसापासून जास्त आवडू लागला.

तिथून आमचा गुरुवारचा कारभार सुरू झाला. नियम माधवीचा: आधी डबा, मग चहा. डबा म्हणजे मिसळणाचा डबा, स्वयंपाकघरात तिखट-हळद ठेवतो तो, सात वाट्यांचा. असे दोन. एक तिच्या आईचा, एक आमच्या घरातला. तिचं म्हणणं असं की तुम्ही चित्र पाहून एकदम रोगाचं नाव घेता, ते बंद करा. आधी नुसतं दिसतं काय ते सांगा. प्रत्येक वाटीवर तिने एकेक गोष्ट लिहिली. वळणाच्या शिरा, दाणे, जखम, पांढरा व्रण, गुळगुळीत भिंत, आवळलेलं तोंड. सातवी वाटी ‘चित्र धड नाही’ अशी होती, आणि ती वापरायला आम्हाला सगळ्यात जड जायचं. राऊतांना तुरीचे दाणे, मला हरभऱ्याचे. एकमेकांकडे पाठ करून बसायचं, जे दिसेल त्या वाटीत दाणा टाकायचा, आणि मग चिठ्ठीवर रोग. झाकणं ती उघडायची.

राऊत पहिल्या दिवशी म्हणाले, “वहिनी, एवढं शिकलो ते दाणे निवडायला काय?” पण पंधरा दिवसांत आमच्याआधी येऊन बसायला लागले. पहिले काही गुरुवार वळणाच्या शिरांवरच भांडण. मला ज्या सरळ वाटत, त्या त्यांना वाकड्या. शेवटी आम्ही रस्त्यांवर तडजोड केली. शीर पातूरच्या घाटासारखी असेल तर वळणाची, वाशीमहून मंगरूळपीरला जाणाऱ्या रस्त्यासारखी असेल तर सरळ. मधले सगळे रस्ते ‘चित्र धड नाही’. त्यानंतर तूर आणि हरभरा बरेचदा एकाच नावाच्या वाटीत दिसू लागले. आमच्या घरी मात्र काही दिवस भाजीला हळद नव्हती.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट फार गोड झाली असती.

आसेगावच्या गिरजाबाई त्यानंतरच्या वर्षी आल्या. सत्तरीच्या, बोलक्या, नातवाचं लग्न तोंडावर. नळी आवळलेली. गुरुवारी झाकणं उघडली तर दोन्ही डब्यांत एकही दाणा इकडचा तिकडे नाही. गुळगुळीत भिंत, आवळलेलं तोंड. दोघांच्याही चिठ्ठीवर सूज. असं पूर्ण एकमत आमचं क्वचित व्हायचं. आम्ही खूश झालो. राऊतांनी समोरच्या हॉटेलातून भजी मागवली. माधवीने तुकड्यांचं उत्तर ‘नक्की नाही’ असं दिलं होतं आणि पुन्हा तुकडे घ्या म्हणाली होती. मी गिरजाबाईंना तिचं म्हणणं सांगितलं, पण सोबत हेही सांगितलं की आम्ही दोघांनी वेगवेगळं पाहिलं आणि दोघांचं एकच मत पडलं. त्या म्हणाल्या, मग लग्न झाल्यावर पाहू. मी हो म्हणालो.

त्या सहा महिन्यांनी आल्या. तेव्हा काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

त्यांनी दोष दिला नाही. खाटेवर बसून माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, “तुमी दोघं एकच बोलले, म्हून मी बिनघोर राह्यले ना बाप्पा.” त्यांच्या उरलेल्या दिवसांत मी आसेगावला चार-पाचदा गेलो. त्या नातसुनेचं कौतुक सांगायच्या. माधवीने तिच्या वहीत त्या गुरुवारपुढे दोन ओळी लिहिल्या: ‘दोघांचं एकमत. दोघेही चुकले.’ वही तिने मला दाखवली, आणि मला वाचवत नव्हतं तरी मिटू दिली नाही. दोन डॉक्टर एकच बोलले म्हणजे ते सारखं पाहतात, एवढंच कळतं. नळीत काय आहे, ते तिकडे राहतं. तेव्हापासून पेशंटसमोर ‘आमचं एकमत आहे’ हे वाक्य मी उच्चारलं नाही, आणि तिने ‘पुन्हा तुकडे घ्या’ म्हटलं की लग्न असो की पेरणी, पुन्हा तुकडे घेतले.

आता त्या अकरा चित्रांबद्दल. त्यातलं सातवं कुणाचं, एवढं तिने सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. बाकी दहांचं कधीच नाही. सांगितलं की चित्र वाया जातं, म्हणायची. दिवाळीच्या पाडव्याला ती मला ओवाळायची आणि ओवाळणी म्हणून त्या चित्रांवरच्या चिठ्ठ्या मागायची. साडी नको, दागिना नको. दरवर्षी चित्रं निराळ्या कोनात फिरवलेली, क्रम बदललेला, आकडा मात्र तोच, मागच्या बाजूला. मी लिहायचो, ती ताटात पडलेल्या चिठ्ठ्या गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्यांशी ताडायची आणि निकाल सांगायची: यंदा दोन फिरली, यंदा एक. ओळखीचं वाटलं तर ते चित्र हिशेबात धरायचं नाही, हा तिचा नियम. ओळखलं की तू पाहत नाहीस, आठवतोस. पाच पाडवे असे झाले. एका वर्षी एकही फिरलं नाही, तेव्हा मला वाटलं शाबासकी मिळेल. ती म्हणाली, “गिरजाबाईंना विसरू नकोस,” आणि करंजी पुढे केली.

ती गेली त्या सकाळी लॅबमध्येच होती. सूक्ष्मदर्शकाचा दिवा सुरू होता. मी जिना उतरलो तेव्हा नेहमीसारखी तिची पाठ दिसली, आणि उत्तर तयार व्हायचं असेल म्हणून मी परत वर गेलो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पंजाबराव वर्षातून दोनदा येतात. रक्त तपासायचं असतं, आणि हंगामात तुरीच्या शेंगा आणायच्या असतात. धुरा त्यांनी परत मागितला नाही. उत्तमराव म्हणतात तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता, पेरणीत दोघेही तेवढी पट्टी सोडून देतात, तिथे आता बोरी वाढल्या आहेत. माधवी गेल्यानंतर पहिल्यांदा आले तेव्हा पंजाबराव दवाखान्यात न येता खाली बंद लॅबच्या पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने वर आले आणि म्हणाले, “बाईनं मले कदी पाह्यलं नाही ना सायेब? निस्ता माह्या तुकडा पाह्यला.” मी हो म्हटलं. “तरी बरोबर वयखलं,” ते म्हणाले.

तिच्या कपाटात चित्रांचं पाकीट होतं. उत्तरांची यादी नव्हती. राऊत म्हणाले, जुनी रजिस्टरं चाळली तर तारखांवरून दहाही नावं लागतील, दोन दिवसांचं काम आहे. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी ते अजून येतात. दोन्ही डबे त्यांना दिले आहेत, अकोल्यात त्यांच्या हाताखालची मुलं तूर आणि हरभरा टाकतात. मुगाचेही दाणे लागले असं परवा सांगत होते, कारण आता तिसरी एक डॉक्टर आली आहे आणि तिचं दोघांशीही पटत नाही.

पाडव्याला मी पाकीट उघडतो. डोळे मिटून चित्रं फिरवतो, पिसतो, आणि चिठ्ठ्या लिहितो. मग गेल्या वर्षीच्या काढून ताडतो. सातवं कुठूनही धरलं तरी मला ओळखू येतं, म्हणून ते धरत नाही. दहा उरली आहेत.